‘नोस्फेराटू’मधलं ते ‘चर्चचं जुनं गाणं’ कुणाचं आहे?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ड्रॅक्युलाच्या सिनेमांवरचा लेख वाचला. लेख मेहनतीनं लिहिलाय, मराठी पेपरात हॉरर सिनेमाला पानभर जागा मिळाली याचाच मला खूप आनंद झाला. पण त्यात जर्मन दिग्दर्शक वर्नर हर्झोगच्या १९७९ च्या ‘नोस्फेराटू’बद्दल जे लिहिलंय त्यात म्युझिकवर फक्त एक ओळ आहे, की मागे चर्चमधलं कुठलंतरी जुनं गाणं वाजत राहतं आणि त्यानं पिक्चर संथ होतो. ही ओळ दोन दिवस माझ्या डोक्यातनं जाईना, म्हणून हे पत्र, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

ते चर्चमधलं जुनं गाणं नाहीये. ते म्युनिकच्या पोपोल वू नावाच्या बँडचं काम आहे, बँडचा कर्ताधर्ता फ्लोरिआन फ्रिके, आणि ती रेकॉर्ड निघाली १९७८ साली, म्हणजे पिक्चर लोकांनी बघायच्याही आधी. रेकॉर्डचं जर्मन नाव ‘ब्र्यूडर डेस शाटन्स, झ्योने डेस लिष्ट्स’, अर्थ सांगायचा तर सावलीचे भाऊ, उजेडाची लेकरं. कोरस म्युनिकमधल्या एका चर्चच्या मंडळींचा आहे हे खरं, तेवढ्यापुरतं लेखकाचं बरोबर आहे. पण त्याच रेकॉर्डवर आलोइस ग्रोमर सतार वाजवतोय आणि टेड डे यॉंग नावाचा माणूस तंबोरा छेडत बसलाय! मी मिरजेची आहे. आमच्या गावात हा शब्द दिसला की माणूस थांबतोच, मीही थांबले, आणि त्या तंबोऱ्यापायीच या रेकॉर्डच्या नादी लागले.

माझे मामा सतारमेकर गल्लीत एका दुकानात जवारी लावायचं काम करायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तंबोऱ्याची तार जिथं घोडीवर टेकते तिथं तिच्याखाली सुताचा एक बारीक दोरा असतो, त्याला जीव म्हणतात. मामा तो दोरा नखानं केसभर पुढं सरकवायचे, तार छेडायचे, कान घोडीजवळ न्यायचे, परत केसभर मागं. असं दहावीस वेळा. आणि मग एका जागी दोरा आला की तार एकदम उघडायची, एका तारेतनं तीनचार सूर एकदम निघाल्यासारखे व्हायचे, मामा म्हणायचे, ‘हां, आता बोलायला लागला बघ.’

एकदा संध्याकाळी दुकानात असताना लाइट गेली, मी तेव्हा आठनऊ वर्षांची असेन. भिंतीशी चार तंबोरे तयार होऊन उभे होते, गिऱ्हाइकासाठी एकाच पट्टीत लावलेले. मामांनी अंधारातच हातातला तंबोरा छेडला आणि ते भिंतीचे चारही, कुणी हात न लावता, हळू आवाजात गुंजायला लागले. मी घाबरून मामांचा सदरा धरला. मामा म्हणाले, ‘अगं वेडे, सूर जुळला की ते आपोआप वाजतात, त्यात भ्यायचं काय.’ आता मला माहितीय की ते सरळ विज्ञान आहे, एकाच सुरात लावलेल्या तारा एकमेकींना ओढतात, पण त्या क्षणाला मला जे वाटलं होतं ते मी नंतर कुठल्याच भुताच्या पिक्चरमध्ये अनुभवलं नाही, ‘नोस्फेराटू’ची सुरुवात बघेपर्यंत.

ती सुरुवात अशी आहे. पडद्यावर ममी दिसतात, मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो शहरातल्या खऱ्याखुऱ्या. हर्झोगनं त्या आधी साठच्या दशकात पाहिल्या होत्या, नंतर शूटिंगला गेला तेव्हा काचेच्या पेट्यांतनं बाहेर काढून भिंतीला टेकवून उभ्या केल्या, साधारण लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत अशा क्रमानं, आणि कॅमेरा त्यांच्यावरनं सरकत जातो. जबडे उघडे पडलेले. आणि मागे तो कोरस. खालच्या पट्टीत लावलेला आवाज, शब्द कळत नाहीत, थोडं म्हणतात, थांबतात, परत तेच म्हणतात, घाई म्हणून नाही. मग मधेच ओबो येतो. ओबो हे दोन पत्तींचं वाद्य आहे, आपल्या सनईची चुलत बहीणच म्हणा, त्यामुळे आपल्या कानाला तो सूर परका वाटत नाही, लग्नाच्या मांडवाची आठवण येते आणि समोर मात्र ममी. त्यानंतर स्लो मोशनमध्ये उडणारं वटवाघूळ आणि मग ल्युसी, म्हणजे पिक्चरची नायिका, किंकाळी फोडून झोपेतनं उठते.

या सगळ्यात एकदाही संगीत तुम्हाला दचकवत नाही. नेहमीच्या हॉररमध्ये काय होतं, व्हायोलिनं चढत चढत जातात, मग धाडकन आवाज, आणि आपल्याला कळतं की आता घाबरायचंय, आणि तो धाडकन आवाज होऊन गेला की आपण सुटतो, हसतोसुद्धा, शेजारच्याला कोपर मारतो. इथं सुटकाच नाही. कोरस तुम्हाला काही सांगत नाही, इशारा देत नाही, तो आपला मनापासून प्रार्थना म्हणतोय, आणि ही प्रार्थना कुणासाठी चाललीय ते कळत नाही. माझ्या मते या रेकॉर्डची सगळी ताकद त्यात आहे. देवघरात संध्याकाळी दिवा लावताना जी शांतता असते ना, तीच शांतता, फक्त देव दिसत नाही. लेखकाला पिक्चर संथ वाटला असेल, वाटू दे, पण तो संथपणा चुकून आलेला नाहीये, तो एका माणसानं विचार करून, आयुष्यभर त्याच गोष्टीच्या मागं लागून मिळवलेला आहे.

तो माणूस म्हणजे फ्रिके. त्याच्याबद्दल मराठीत मी आजवर काहीच वाचलेलं नाही म्हणून थोडं लिहिते. जन्म १९४४ चा, लिंडाऊ गावचा, पियानो शिकलेला, सिनेमावर समीक्षाही लिहायचा. १९६९ मध्ये म्युनिकला पोपोल वू सुरू केला, नाव घेतलं माया लोकांच्या किचे जमातीच्या पवित्र ग्रंथावरनं. त्या काळात जर्मनीतली तरुण मुलं वेगळंच काहीतरी करत होती, युद्धाच्या काळात किंवा त्याच्या आगंमागं जन्मलेली पिढी, आईबापांच्या जमान्यातली गोडगोड गाणी त्यांना नको होती आणि अमेरिकन रॉकची नुसती कॉपीही नको होती, म्हणून कुणी मशिनांकडं वळलं, कुणी एकाच ठेक्यावर वीस वीस मिनिटं वाजवत बसलं, कुणी पूर्वेकडं बघायला लागलं. इंग्लंडच्या म्युझिकवाल्या पेपरांनी या सगळ्यांना मिळून क्राउटरॉक म्हणायला सुरुवात केली, युद्धात जर्मनांना हिणवायला जो शब्द वापरायचे तोच पुढं चिकटवला, आणि बऱ्याच जर्मन वादकांना ते नाव आवडायचं नाही, ते साहजिकच आहे. पण नाव टिकलं.

फ्रिकेकडं मोठा मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं वाद्य, होता, जर्मनीत तो तेव्हा फारच थोड्या लोकांकडं होता, वायरींचं जंगल असलेलं कपाटाएवढं यंत्र. त्यावर त्यानं १९७० ची ‘आफेनश्टुंडे’ आणि पुढची ‘इन डेन गेर्टेन फाराओस’ केली, टॅंजरिन ड्रीम या दुसऱ्या जर्मन बँडच्या १९७२ च्या ‘झाइट’ या रेकॉर्डवरही तो मूग वाजवून आला. आणि मग, सगळे जण सिंथेसायझरच्या मागं धावत असताना, यानं तो बाजूला ठेवला. पियानोवर परत आला. १९७२ ची ‘होझियाना मंत्र’ ऐका, नावातच ख्रिस्ती शब्द आणि आपला शब्द शेजारी शेजारी बसलेत, त्यात जॉंग युन ही कोरियन गायिका आहे, ओबो आहे, क्लाउस वीझेचा तंबोरा आहे. तो मूग पुढं क्लाउस शुल्झे या जर्मन संगीतकाराकडं गेला. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. हातात आलेलं एवढं भारी, महागडं यंत्र सोडून द्यायला हिंमत लागते.

हर्झोगची आणि त्याची दोस्ती जुनी. हर्झोगच्या १९६८ च्या पहिल्या मोठ्या पिक्चरमध्ये फ्रिके पियानो वाजवताना दिसतोसुद्धा, आणि नंतर कास्पर हाउझरवरच्या पिक्चरमध्ये आंधळा पियानोवाला झालाय. हर्झोगच्याच १९७२ च्या ‘आगिर्रे’ या पिक्चरसाठी त्यानं जे वाजवलंय ते एका विचित्र वाद्यावर आहे, कोरस-ऑर्गन म्हणायचे त्याला, आत माणसांच्या आवाजाच्या टेप फिरत असतात, पडद्यावर डोंगरावरनं माणसांची रांग खाली उतरतेय आणि आवाज माणसांचा असून माणसांचा वाटत नाही. मला सारखं वाटतं की ‘नोस्फेराटू’च्या वेळी फ्रिकेनं हेच उलटं केलं. इथं खरी माणसं आहेत, श्वास घेणारी, चर्चच्या कोरसमधली, आणि तरी ऐकताना वाटतं की हे आवाज पलीकडनं येतायत.

रेकॉर्डची पहिली बाजू अख्खी एकाच तुकड्याची आहे, जवळपास १९ मिनिटांची, पिक्चरमध्ये त्यातलं थोडंच कानावर पडतं. पहिली पाचसहा मिनिटं सावली. मग कुठंतरी, नक्की कुठं ते मला इतक्या वेळा ऐकूनही सांगता येत नाही, उजाडायला लागतं, पियानो येतो, डॅनी फिशेलशरचं गिटार येतं, हा आधी आमोन ड्यूल २ या बँडमध्ये ड्रम वाजवायचा, आणि गिटारच्या आसपास सतार फिरत राहते. सतार इथं शोभेला ठेवलेली नाही, म्हणजे त्या काळात बऱ्याच परदेशी गाण्यात दोन ताना मारून पळ काढायची सतार असायची तशी नाही, ती बसून आहे. म्हणून म्हणते, नुसता पिक्चर बघितलेल्या माणसाला या संगीताचा अर्धाच भाग कळतो, उजेडाची लेकरं राहूनच जातात.

याशिवाय त्याच पिक्चरच्या संगीताची दुसरी एक रेकॉर्डही निघाली, ‘ऑन द वे टू अ लिटल वे’ नावाची, तिच्यात जुन्या मूगचे गडद तुकडे आहेत, वाऱ्यासारखे, पोकळीतनं आल्यासारखे. नंतर सीडीच्या जमान्यात दोन्ही एकत्रही मिळायला लागल्या. कुणाला घाबरायचंच असेल तर ते मूगचे तुकडे रात्री हेडफोन लावून ऐकावेत. मला स्वतःला पहिली रेकॉर्ड जास्त जवळची.

लेखात आणखी एक गोष्ट सुटलीय. हर्झोगनं फ्रिकेच्या संगीताशेजारी बाकीचं जे लावलंय तेही बघण्यासारखं आहे. जोनाथन, म्हणजे ल्युसीचा नवरा झालेला नट ब्रुनो गांझ, डोंगर चढून ड्रॅक्युलाच्या वाड्याकडं जातो तेव्हा वाग्नरच्या ‘राइनगोल्ड’ या ऑपेराची सुरुवात वाजते, ती अख्खी सुरुवात १३६ बारांची (बार म्हणजे तालाचं एक माप) आणि सगळी एकाच कॉर्डवर, म्हणजे एकाच स्वरसमूहावर, उभी, हलतच नाही, तंबोऱ्यावर वाढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही, घरचंच वाटतं. गावात प्लेग पसरतो, चौकात उंदरांच्या गराड्यात लोक टेबलं मांडून जेवतायत, नाचतायत, तिथं जॉर्जियातलं ‘त्सिंत्स्कारो’ हे लोकगीत. आणि अगदी शेवटी, वाळूच्या मैदानावरनं घोडा लांब लांब जातो तेव्हा फ्रेंच संगीतकार गुनोच्या मासमधला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनासंगीतातला, सांक्तुस, म्हणजे पवित्र, पवित्र, पवित्र असं म्हणणारं गाणं, आणि घोड्यावर कोण बसलाय ते ज्यांनी पिक्चर बघितलाय त्यांना माहितीय. प्रत्येक ठिकाणी सगळ्यात भयंकर चित्रावर सगळ्यात शुद्ध सूर. हे सगळं एका हातानं विणलंय, आणि फ्रिकेचा कोरस हा त्यातला पहिला धागा आहे.

क्लाउस किन्स्कीचा ड्रॅक्युला तर बघा ना. रोज चारचार तास मेकअपला बसून केलेलं ते टक्कल, ते कान, ते पांढरंफटक तोंड, आणि डोळ्यांत एवढं दुःख की बघवत नाही. त्याला मरता येत नाही हेच त्याचं दुखणं. अशा माणसाच्या मागं धाडधाड वाजवलं असतं तर तो नुसता राक्षस झाला असता.

आता माझी तक्रार, कारण पत्र लिहिण्यामागं तेही एक कारण आहे. काही महिन्यांपूर्वी आमच्या भागात एका ठिकाणी हा पिक्चर दाखवला, मी बसनं तासभर प्रवास करून गेले. सुरुवातीच्या ममी आल्या, कोरस सुरू झाला, आणि लॅपटॉपवर बसलेल्या मुलानं, ‘अजून काही होत नाहीये’ असं म्हणत, सरळ पुढं ढकललं. वटवाघूळही गेलं. थेट मांजराच्या पिल्लापासून पिक्चर सुरू झाला. मी उठून सांगितलं तर म्हणाले, ‘मॅडम, नुसत्या टायटल्स आहेत त्या.’ आणि शेवटी घोडा मैदानात गेला, गाणं जेमतेम सुरू झालं, तर ट्यूबलाइट लावल्या आणि खुर्च्या सरकवायला लागले. मी तिथंच बसून राहिले, डोळ्यात पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू. कुणाचं नाव घ्यायचं नाही मला, मुलं चांगली होती, फुकट पिक्चर दाखवत होती, चहा पण दिला. पण त्यांना कुणी सांगितलेलंच नाही की ते संगीत कुणीतरी केलंय, त्यासाठी लोक गायलेत, आणि म्हणूनच मला पेपरातल्या त्या एका ओळीचं एवढं लागलं. पेपरात ‘चर्चचं जुनं गाणं’ असं छापून आलं की लॅपटॉपवाला मुलगा पुढं ढकलणारच.

या सगळ्याच्या मुळाशी जो १९२२ चा मुर्नाउचा मूकपट आहे, त्याच्याबद्दल लेखात बरंच छान लिहिलंय, ‘ड्रॅक्युला’ लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरच्या बायकोनं केलेली केस, सगळ्या प्रिंट नष्ट करायचा कोर्टाचा हुकूम, तरी पिक्चर वाचला वगैरे. त्यात एक भर घालते. तो पिक्चर काढणाऱ्या कंपनीचं नाव प्राना-फिल्म होतं आणि हा प्राना म्हणजे आपला प्राणच, संस्कृतातला. आणि ५७ वर्षांनी त्याच गोष्टीच्या नव्या पिक्चरला आमचा तंबोरा, ज्याच्या तारेखालच्या दोऱ्याला जीव म्हणतात. मी यातनं काही मोठा अर्थ काढत नाही, पण मिरजेच्या माणसानं हे नोंदवून तरी ठेवावं असं वाटलं.

गेल्या महिन्यात मामांना ही रेकॉर्ड ऐकवली. आता ते ऐंशीच्या पुढं गेलेत, हात थरथरतो म्हणून काम सोडलंय, पण कान अजून तसाच. पिक्चरबिक्चर काही सांगितलं नाही, छोटा स्पीकर उशाशी ठेवला आणि लावून दिलं. १९ मिनिटं डोळे मिटून पडून होते, मला वाटलं झोपले. संपल्यावर म्हणाले, ‘तंबोरा फार मागं ठेवलाय, पण वाजवणारा शहाणा आहे, मधे मधे येत नाही.’ मग जरा वेळानं विचारलं, ‘कुठल्या देवाचं आहे गं हे?’ मला उत्तर देता आलं नाही.

फ्लोरिआन फ्रिके २००१ च्या डिसेंबरात म्युनिकला गेला, ५७ वर्षांचा होता.

तर संपादक साहेब, विनंती दोनच आहेत. एक म्हणजे पुढच्या रविवारी छोटी दुरुस्ती छापा, की ‘नोस्फेराटू’चं संगीत पोपोल वू या बँडचं आहे, बाकी काही नाही लिहिलं तरी चालेल. आणि दुसरी, सिनेमावरच्या लेखांच्या चौकटीत तुम्ही दिग्दर्शक, नटनट्या, साल, वेळ सगळं देता, त्यात संगीत कुणाचं ही एक ओळ कायमची टाका. जागा लागत नाही फार. ज्यांना ही रेकॉर्ड ऐकायचीय त्यांनी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, तंबोरा त्यात अजिबात ऐकू येत नाही.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
मिरज